वीस मिनिटं

नव्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं,
उभं ठेवायचं, हलवायचं नाही,
वीस मिनिटांनी तिरकं करून पाहायचं.
गोठलं असेल तर जीव भांड्यात.
पाण्यासारखं वाहिलं तर फुरसं.

तेवढ्या वेळात मी वही भरते.

रकाने नऊ. चौथा : चावल्याची जागा.
पहिल्या वर्षी भाबडेपणानं लिहीत गेले,
भुईमुगाचा ढीग. विहिरीची वाट.
कुंपणाच्या काट्या ओढताना.
मग गोंबेहून साहेब आले, हसले,
म्हणाले, रिफ्कातू, जागा म्हणजे अंगावरची.
टाच. घोटा. उजव्या हाताची तर्जनी.

शेताला रकाना नाही.
तेव्हापासून शेत मी समासात लिहिते, पेन्सिलीनं.

ताबावा, चौतीस. तर्जनी.
समासात : वेल उपटून रचलेले,
तिसऱ्या दिवशी शेंगा तोडायला हात घातला.
काठीनं आधी चाळवलं नाहीस?
म्हणाली, चाळवत बसले तर
ऊन चढायच्या आत होईल किती?

येरो, अकरा. घोटा.
फुलानी गुराख्यांचा. वासरू मागे राहिलं
म्हणून दिवस मावळताना एकटा परत फिरला.
थोरल्या भावाची चप्पल, दोन बोटं मोठी.
गवतात चरचर ऐकली, थांबला.
त्याला वाटलं, कुणीतरी तेलात काही सोडलंय.
सकाळपासून भूक होती.

इस्तिफानुस. टाच.
वय विचारलं तर म्हणाला, मोठ्या टोळधाडीच्या साली
चालायला लागलो. मी साठ लिहिलं.
दोन दिवसांनी आला, पोटरीला चिंधी करकचून,
वर काळा दगड बांधलेला, पाय भोपळ्याएवढा.
दगडावर विश्वास होता का, तर तसं नाही.
मधला ओढा उतरत नव्हता,
अचाबावाला पलीकडे मोटारसायकल लावून
दोन दिवस हात हलवत होता.
तोवर दगड होता, दगड बांधला.

डॉक्टरांच्या घरातलं कुणी नाही, सहा वर्षांत.
औषधाच्या दुकानातलं नाही. फरशीवर चालणारं नाही.
एक मास्तर आले होते, व्यवसाय : शिक्षक.
समासात : शनिवार. शेतात.

रात्री इथे कुणी त्याचं नाव घेत नाही.
जमिनीची दोरी म्हणतात.
अंधारात कुणी उठलं की आतून आवाज येतो,
दोरी पाहून जा गं.
जणू पाहणं फुकट मिळतं.

परवा साहेबांनी विचारलं,
नेमकं कुणाला चावतं, काही ठोकताळा सापडतो का?
मी वही पुढे केली.
त्यांनी झेरॉक्स काढून नेली.
शिवण घट्ट आहे, काचेवर वही पुरती उघडत नाही.
समास आला नाही.

आज लाराबा. एकोणीस. पायाचा अंगठा.
सातवा महिना.
मध्यरात्री बाहेर जायला उठली.
बॅटरी होती ना घरात?
होती. सेल रेडिओत होते,
नवरा कापसाचे भाव ऐकत होता.
हे सांगताना ती जरा हसली,
तेव्हा हिरड्या लाल दिसल्या.

सतरा मिनिटं. अठरा.
फ्रिजमध्ये कुप्या तीन, पैकी एक
सकाळी येरोला लावायची आहे.
डॉक्टर हात धुताहेत, उगाचच पुन्हा.

नळी तिरकी केली.
सरकलं, काठापर्यंत आलं,
घाई नसल्यासारखं.

लाराबा नळीकडे पाहत नव्हती.
माझ्या पायांकडे पाहत होती,
घोट्यापर्यंतचे रबरी बूट,
पाचव्या वर्षी दवाखान्यानं दिलेले,
डाव्याचा तळ मी स्वतः डकवलेला.

हे कुठे मिळतात, तिनं विचारलं,
लहान मुलांच्या मापाचे असतात का?